ओंडका जळतोय तोवर

एनॉक माझा नवरा होता, पण तो माझ्या घरचा नव्हता आणि मी त्याच्या घरची नव्हते, कारण घर आम्हा दोघांनाही नव्हतं. मी हल्डाबाई क्रेगची गुलाम, तो लिअँडर पिटमनचा. मिसूरी नदीच्या काठावर हल्डाबाईची तर, म्हणजे माणसं-गाड्या पलीकडे नेणारी नाव, चालायची आणि तरीच्या धक्क्यावरच तिची खाणावळ होती. तिथला स्वयंपाक माझ्याकडे. पिटमनचं तागाचं शेत तिथून चांगलंच लांब, आणि त्या शेतावर राबणारा एकटा एनॉक. शनिवारी पिटमनने परवान्याची चिठ्ठी दिली की तो चालत माझ्याकडे यायचा आणि रविवारी अंधार पडायच्या आत परत जायचा. आमच्या भागात बहुतेकांचे संसार असेच होते. नवरा एकाचा, बायको दुसऱ्याची, आणि मूल झालं तर ते बायकोच्या मालकाचं.

नदीपलीकडे कॅन्सस. मी लहान होते तेव्हा तिथे किकापू आणि डेलावेअर आदिवासी राहायचे आणि आमच्या तरीला फारसं गिऱ्हाईक नसायचं. मग सरकारने त्या लोकांना बाजूला सारून तो मुलूख वसाहतीला खुला केला. वर असंही ठरवलं, की तिथे गुलाम ठेवायचे की नाहीत ते तिथे राहायला जाणाऱ्यांनीच मत देऊन ठरवावं. झालं. दूर राजधानीत बसून शहाण्यांनी ठरवलं आणि आमच्या धक्क्यावर जत्रा भरली.

पहिल्या मोठ्या मतदानाच्या वेळी मिसूरीचे पुरुष झुंडीने पलीकडे गेले. राहणार इकडे, मत देणार तिकडे. कोटाच्या काजात खूण म्हणून तागाच्या वाखाची बट खोवलेली, कमरेला पिस्तूल, गाडीत दारूचं पिंप. तो वाख काढणारे हात आमच्या माणसांचे, हे कोणाच्या मनातही आलं नसेल. पिटमनही त्यात होता. स्वतःच्या घरात बायकोपुढे ज्याचं मत चालत नव्हतं, तो दुसऱ्या मुलखाचं भवितव्य ठरवायला निघाला होता.

हल्डाबाईने त्याला छेडलं, "काय रे लिअँडर, तू कॅन्ससचा रहिवासी कधीपासून झालास?"

"तरीतून उतरलो की होतो, हल्डाबाई. परत तरीत बसेपर्यंत."

सगळे खो खो हसले. हल्डाबाईही हसली. तिला काय, तिला जातायेताचं दोन्ही वेळचं भाडं मिळत होतं.

मतं देऊन झाली तसं पिटमनला वाटलं, आलोच आहोत तर जमीनही धरावी. जमीन आपली म्हणायची तर तिच्यावर घर हवं आणि घरात माणूस हवा. पिटमनच्या बायकोने साफ सांगितलं, त्या उघड्या माळावर मी मेले तरी येणार नाही. मग त्याने एनॉकला तिकडे नेलं, त्याच्याकडून ओंडक्यांचं घर बांधून घेतलं आणि त्यालाच तिथे ठेवलं. तिकडे गुलामी आहे हे जगाला दाखवायला एक गुलाम लागतो, तो माझा नवरा. पिटमन मात्र बराच काळ मिसूरीतच असायचा. आणि आमचे शनिवार संपले, कारण मध्ये नदी आली.

दोन हिवाळे असे गेले. अधूनमधून एनॉक पिटमनची गाडी घेऊन मीठ न्यायला, खिळे न्यायला धक्क्यावर यायचा. घोडे पाणी पिईपर्यंत आमचा संसार.

त्या शरदात तो आला तेव्हा मला तिसरा महिना लागला होता. मी त्याला ते लगेच सांगितलं नाही. तो आधी वॉशकाकाबरोबर नाताळचा ओंडका बघायला गेला. वॉशकाका म्हणजे हल्डाबाईच्या तरीवरचा म्हातारा. आमच्याकडे रीत अशी, की नाताळच्या सकाळी मोठ्या चुलाणात मागच्या बाजूला ओंडका लावायचा आणि तो जळून तुटेपर्यंत गुलामांना सुट्टी. मग कोणी कामाला हाक मारायची नाही, कोणी हात लावायचा नाही. मालक लोक शब्दाला जागोत न जागोत, पण ही रीत मोडलेली कोणी पाहिली नव्हती. म्हणून आमची माणसं महिना दोन महिने आधीच सगळ्यात जाड, सगळ्यात गाठाळ झाड शोधायची आणि ते नदीच्या कोंडात बुडवून ठेवायची. भिजलेलं लाकूड जळता जळत नाही. हल्डाबाईला हे माहीत होतं. ती तिकडे बघायची नाही, एवढा मोठेपणा तिच्यात होता.

सिकामोर झाडाचा बुंधा पाण्यात ढकलून एनॉक चिखलाने भरून माझ्याकडे आला. पायऱ्यांवर बसून म्हणाला, "यंदाचा नवीन वर्षापर्यंत टिकतोय बघ."

"टिकू दे. तू येशील तेव्हा ना."

"येणार. आणि ऐक." त्याने आवाज खाली आणला. "माझ्या घरावरून ज्यांचा धूर दिसतो ना, ते ओहायोचे हॉलॉवे. तो म्हणतो, अरे एनॉक, तू इथे काय करतोयस? बस माझ्या गाडीत, आयोवापर्यंत पोचवतो, तिथे गुलामी नाही."

"मग?"

"मी म्हटलं, माझी बायको पलीकडे आहे. तर म्हणाला, तिलाही घेऊन ये."

"वा! शेजारणीकडे राहिलेली चाळणच ना मी, घेऊन ये म्हटलं की आणली."

तो हसला. एनॉकचं हसू आवाज न करता यायचं, नुसते खांदे हलायचे. मग मी त्याला पोटातलं सांगितलं. त्याचे खांदे थांबले.

"ते हल्डाबाईचं होईल," तो म्हणाला.

"मग काय माझं होणारे?"

"नाताळात नदी गोठते," एनॉक म्हणाला. "सुट्टीत आपल्याला कोणी शोधत नाही. मी हॉलॉवेला सांगतो, पलीकडच्या धक्क्यावर गाडी घेऊन थांब म्हणावं."

एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून मी पोळीची कणीक मळायचे तीसुद्धा आयोवाची असल्यासारखी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅन्ससमध्ये पुन्हा मतदान झालं. या वेळी बरीचशी मतं मोजून पाहिली गेली, खोटी बाजूला काढली गेली आणि गुलामीविरोधी लोक जिंकले. आमच्या खाणावळीत सुतकी चेहरे. पिटमन माझ्या हातचं डुकराचं मटण खात बसला होता आणि बाकीच्यांना सांगत होता, "तिकडे आता मालमत्ता ठेवणं म्हणजे वेडेपणा. उद्या कायदा करतील आणि आपल्या डोळ्यांदेखत सोडून देतील. टेक्सासला मात्र अजून किंमत येतेय."

मी त्याच्या ताटात मटण वाढत होते. मालमत्ता म्हणजे कोण, ते मला विचारावं लागलं नाही. थोडा रस्सा ताटाबाहेर सांडला आणि हल्डाबाई म्हणाली, "लक्ष कुठे आहे तुझं, डायसी?"

मला खात्री होती, पिटमन यंदा एनॉकला नाताळची सुट्टी देणार नाही. पण त्याने दिली. नुसती दिली नाही, तर बरोबर डुकराची एक खारवलेली तंगडी दिली आणि स्वतःचा जुना कोटही दिला. एनॉक नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तरीतून उतरला, तेव्हा तो कोट त्याला मनगटापाशी आखूड होत होता.

वॉशकाका म्हणाला, "तुझा मालक बदलला रे, एनॉक."

"काका, मालक फक्त लिलावात बदलतो," मी म्हटलं. सगळे हसले, एनॉकही हसला. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. फुकटची तंगडी मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

"त्याने दिली, मी घेतली," एनॉक म्हणाला. "त्याचा कोट घालून त्याच्याच हातावर तुरी देऊ."

नाताळच्या सकाळी हल्डाबाईने स्वतः ओंडका पेटवला. चुलाणात चर्र आवाज झाला, पाण्याचे बुडबुडे लाकडाच्या टोकांतून बाहेर आले आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडावर हसू पसरलं. त्या दिवशी मी खुर्चीत बसले. नुसती बसले. एनॉकने स्वयंपाक केला, म्हणजे मक्याच्या पिठाची भाकरी करपवली, आणि मला मालकिणीसारखं वाढलं. वॉशकाका फिडल वाजवत होता. वाजवता वाजवता मधेच उठायचा आणि हल्डाबाईची पाठ वळली की ओंडक्यावर तांब्याभर पाणी ओतायचा.

यंदा ते पाणी नुसतं सुट्टीसाठी नव्हतं. त्या वर्षी थंडी उशिरा आली. नाताळला नदी काठाकाठाने गोठली होती, पण मध्ये काळं पाणी वाहत होतं. ओंडका जितका टिकेल तितका बर्फ धरायला वेळ मिळणार होता. पलीकडच्या धक्क्यावर हॉलॉवे मालाची वाट बघायचं सोंग करून रोज गाडी उभी करत होता. वॉशकाका रोज सकाळी पहार घेऊन बर्फावर जायचा, ठोकून बघायचा आणि येऊन मान हलवायचा. मधलं पाणी हळूहळू मिटत आलं. मग एका सकाळी तो परत आला आणि शेकोटीशी हात धरून हळूच म्हणाला, "माणूस जाईल. बैल जाणार नाही."

मी तेवढ्यात उठलेच. "चल," मी एनॉकला म्हटलं.

"थांब."

"काय थांब? काका म्हणतोय ना, माणूस जाईल."

"एक माणूस म्हणतोय तो. तुझी दोन आहेत." तो माझ्या पोटाकडे बघत होता. "बैल जाईल तेव्हा डायसी जाईल."

"मी काय बैल आहे?"

"बैल ऐकतो तरी," एनॉक म्हणाला.

मला इतका राग आला की मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही. त्याने चुलाणातला ओंडका चिमट्याने ठोकून मला दाखवला. आतून अजून ओला, घट्ट, मांडीएवढा जाड. "अजून दोन दिवस सहज आहेत, डायसी. इतकी वर्षं थांबलो, एक दिवस थांबू. ओंडका आहे तोवर कोण आपल्याला विचारतंय?" वॉशकाकानेही मान डोलावली. खोलीतल्या प्रत्येकाला तेच वाटत होतं. आमच्याकडे ज्याला घड्याळ नाही, कागद नाही, कोर्ट नाही, त्याच्याजवळ ही एकच गोष्ट होती, ओंडका जळतोय तोवर हात लावायचा नाही. आम्ही तिच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास ठेवला.

रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी पलीकडून एक बैलगाडी बर्फावरून सरळ चालत आली. आम्ही सगळे दारात उभे राहून बघत होतो. गाडीवान शीळ वाजवत होता. एनॉकने माझा हात दाबला आणि मी करंज्यांची टोपली भरायला आत गेले. सुकवलेल्या सफरचंदाच्या करंज्या. सुट्टीत आम्ही स्वतःचं काहीबाही विकलं तर चालायचं, म्हणून गाडीवाल्यांना करंज्या विकायच्या निमित्ताने मी पुढे जायचं आणि एनॉकने थोड्या वेळाने मागून यायचं, असं ठरलं होतं.

टोपलीवर फडकं टाकलं आणि घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. नदीकडून नाही, मिसूरीच्या रस्त्याकडून. पिटमन होता. बरोबर दोन परके पुरुष, आणि एकाच्या खोगिराला बेड्या लटकत होत्या.

पिटमन आत येऊन चुलाणासमोर हात शेकत उभा राहिला. "हल्डाबाई, नाताळच्या शुभेच्छा. माझा माणूस न्यायला आलोय."

हल्डाबाईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग चुलाणाकडे. "लिअँडर, ओंडका जळतोय अजून."

"दिसतंय मला."

"माझ्या घरात अशी रीत नाही."

"तुमच्या घरात तुमची रीत पाळा. हा माझा आहे." आणि मग, तिला समजावून सांगितलं तर तिला पटेल असं वाटून, तो अगदी घरच्यासारखा बोलायला लागला. "हे बघा, तिकडून याला बांधून आणला असता तर त्या ओहायोवाल्यांनी रस्त्यात बंदुका काढून सोडवला असता. मागच्या महिन्यात दोघांचे असेच गेले. म्हटलं, कशाला धोका? सुट्टी द्यावी. बायको इकडे आहे, येईलच. आला बघा, स्वतःच्या पायाने, तंगडी खांद्यावर टाकून."

त्या परक्या माणसांपैकी एकजण हसला. हल्डाबाई नाही हसली. पण ती बाजूला झाली. तिला रीत मोडल्याचं दुःख झालं होतं, एनॉकचं नाही. तिने शेवटी एवढंच विचारलं, "टेक्सास?"

"टेक्सास," पिटमन म्हणाला.

एनॉक पळाला नाही. दारात एकजण, अंगणात दुसरा. मी टोपली हातात धरून मध्येच उभी होते. त्याने पिटमनचा कोट काढला, नीट घडी करून बाकावर ठेवला आणि हात पुढे केले. बेड्या बर्फासारख्या गार असणार. मग तो माझ्याकडे वळला. सगळ्यांसमोर, मोठ्याने, रोजच्या आवाजात म्हणाला, "डायसी, तुझी सुट्टी आहे अजून. तुझ्या करंज्या गार होतायत. जा, विकून ये."

पिटमनला त्यात काही वावगं वाटलं नाही. हल्डाबाईला वाटलं असेल, बिचारा बायकोला धीर देतोय. मला मात्र कळलं. जा, म्हणत होता. मला सोडून जा.

त्यांनी त्याला रस्त्याला लावला. घोड्याच्या मागे, चालत. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी तिथे थांबायला हवं होतं. कोणतीही बायको थांबली असती. पण तो दक्षिणेकडे वळला आणि मी नदीकडे. मला माहीत होतं, तिथेच राहिले आणि कधी काळी तो टेक्सासमधून सुटून आला, तर मी त्याला सापडेन. आणि गेले, तर कोणालाच सापडणार नव्हते, त्यालाही नाही. पोटातल्या मुलासाठी मी ते केलं. ते बरोबर केलं असं लोक मला आजही सांगतात, आणि मी मान हलवते.

आत वॉशकाका ओंडक्यावर पाणी ओतत होता. आता उघड उघड, बादलीने. हल्डाबाई समोरच उभी होती. चर्र आवाज दारापर्यंत ऐकू येत होता.

बर्फावरून मी भर सकाळी चालत गेले. धक्क्यावरच्या एका गाडीवानाने माझ्याकडून दोन करंज्या घेतल्या. पायाखाली बर्फ कुरकुरत होता, पण कुठे लवला नाही. बैल गेला होता, मीही गेले. नदीच्या मधोमध पोचले तेव्हा मला एनॉकचा इतका राग आला, की मी त्याला मोठ्याने शिव्या दिल्या. काल, मी म्हटलं. काल जायचं होतं, गाढवा.

हॉलॉवेने मला पाहिलं आणि माझ्या मागे पाहिलं. "एनॉक कुठाय?"

"हाक गाडी," मी म्हटलं.

त्यांच्या घरी मला माळ्यावर ठेवलं. आयोवाचा रस्ता मोकळा झाला की निघायचं होतं. हॉलॉवेची बायको प्रूडन्स चांगली बाई. तिने मला सूप दिलं, कोरडे मोजे दिले, माझ्याजवळ बसून तीही रडली. माळ्याच्या फटीतून दूर माळावर एक घर दिसायचं. एनॉकने बांधलेलं. त्यातून आता धूर येत नव्हता. हॉलॉवे म्हणाला, पिटमनने ती जमीन नाताळच्या आधीच विकून टाकली होती.

नवीन वर्ष लागलं आणि पुन्हा एकदा मतदान झालं. गुलामीच्या बाजूने लिहिलेला कायदा लोकांनी भरभरून मतं देऊन झिडकारला. संध्याकाळी वस्तीवर घंटा वाजायला लागल्या, कोणीतरी बंदुका हवेत उडवल्या, बायका गाणी म्हणत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हॉलॉवे धापा टाकत माळ्याच्या शिडीवर चढला. त्याचे डोळे भरून आले होते. माणूस खरोखर चांगला होता. चार वर्षं त्याने यासाठी मार खाल्ला होता, त्याचा गोठा जाळला गेला होता.

"डायसी! ऐकलंस का? जिंकलो आपण! आता कॅन्ससमध्ये एकही गुलाम उरणार नाही!"

"नाहीच उरणार," मी म्हटलं. "तुम्ही शरदात जिंकलात तेव्हाच पिटमनने ठरवलं. एक होता, त्यालाही नेला त्याने."

तो शिडीवर तसाच उभा राहिला. खाली प्रूडन्सचं गाणं थांबलं. मला त्याला दुखवायचं नव्हतं, पण दुसरं काय सांगणार होते? त्याच्या विजयाने स्वातंत्र्याची सीमा एक पाऊल पुढे सरकली होती आणि तिच्या पुढे पुढे माझा नवरा बेड्या घालून चालत होता.

"डायसी, मी..." हॉलॉवे म्हणाला.

मग बाहेरून लोकांनी त्याच्या नावाने हाका मारल्या. त्याला भाषण करायचं होतं. त्याने टोपी हातात घेतली, परत डोक्यावर घातली, आणि तो खाली उतरून गेला.